पडवीवरून दिसतं तेवढं

माझ्या जुन्या वहीत त्या कादंबरीबद्दलची पहिली नोंद एवढीच आहे : ‘ही मुलगी बापाला नावाने हाक मारते!’ पुढे उद्गारचिन्ह आणि खाली दोनदा ओढलेली रेघ.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी, कॉलेज कर्जतला. खोपोलीहून सुटलेली लोकल लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला पोचायला अर्धा तासही घेत नाही. तेवढ्यात माझी जेमतेम तीन-चार पानं व्हायची, कारण मांडीवर पुस्तक आणि पुस्तकाखाली शब्दकोश. पुस्तक हार्पर ली यांचं ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’. अभ्यासाला नव्हतं. इंग्रजीच्या बाईंनी स्वतःची प्रत दिली होती आणि एक अट घातली होती : वाचताना जे वाटेल ते त्याच दिवशी लिहायचं आणि नंतर सुधारायचं नाही. म्हणून ती वही राहिली. आज मी स्वतः शिकवतो. कादंबरी किती वेळा वाचली याचा हिशेब नाही, तिच्यावर लिहिलेलंही पुष्कळ वाचलं. तरी तिच्याविषयी काही सांगायचं झालं की मी आधी ती वही काढतो. तिच्यातले निम्मे प्रश्न मला अजून सुटलेले नाहीत.

कादंबरी ११ जुलै १९६० रोजी निघाली. लेखिका चौतीस वर्षांची, पुस्तक पहिलंच. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९६२मध्ये सिनेमा आला, त्यात बापाचं काम करणाऱ्या ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं, आणि आजवर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. गोष्ट घडते १९३३ ते १९३५ या काळात, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या मेकोंब गावी. गाव कल्पित आहे, पण त्याखाली लेखिकेचं मन्रोव्हिल सरळ दिसतं. तिचेही वडील वकील होते. त्यांनी १९१९मध्ये दोन कृष्णवर्णीय आरोपींची बाजू मांडली होती आणि दोघांनाही फाशी झाली होती. सुट्टीत शेजारी येणारा, गोष्टीतला थापाड्या डिल म्हणजे लहानपणचा ट्रुमन कपोटी, जो पुढे स्वतः नामांकित लेखक झाला.

सांगणारी आहे स्काउट. पाळण्यातलं नाव जीन लुईस फिंच. पहिल्या प्रकरणात तिला सहावं सरायचंय, शेवटी ती आठ वर्षांची आहे. थोरला भाऊ जेम, आई नाही, घर सांभाळणारी कॅल्पर्निया कृष्णवर्णीय, आणि वडील अ‍ॅटिकस, ज्यांना दोन्ही मुलं ‘अ‍ॅटिकस’ म्हणतात. मी अडलो तो इथेच. आमच्याकडे वडिलांसमोर पाय पसरून बसायची सोय नव्हती. आजी तर लग्नकार्यातल्या उखाण्याशिवाय आजोबांचं नाव घेत नसे. कोण कोणाला काय म्हणतं, हे या कादंबरीचं एक मोठं दार आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नोंद मात्र झाली होती.

दुसरी नोंद शाळेची. स्काउट पहिलीत जाते ती वाचता येत असतानाच, आणि नव्या बाई तिलाच रागावतात : वडिलांना सांग, यापुढे शिकवू नका, तुमची पद्धत चुकीची आहे. मी लिहिलं होतं, ‘वाचता येतं म्हणून ओरडा!’ पुढे बाराव्या प्रकरणात कॅल्पर्निया या दोन मुलांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी पहिल्या कमाईतून विकत घेतलेलं ते देऊळ, नावच ‘फर्स्ट पर्चेस’. तिथे गाण्यांची पुस्तकं नाहीत, कारण सगळ्या मंडळींत वाचता येणारे चार जण. कॅल्पर्नियाचा मुलगा एकेक ओळ म्हणतो आणि मागून सगळे ती उचलतात, आपल्याकडे भजनात म्हणतात तशी. स्काउट बघत राहते. एकीला वाचता येतं म्हणून बोलणी आणि इथे शेकडोंना अक्षर माहीत नाही, ही दोन चित्रं लेखिका शेजारी मांडत नाही. मध्ये शंभर पानं जाऊ देते. आमच्या भागात ही दोन्ही चित्रं एका वर्गात भेटायची. दिवाळी झाली की वर्गातली कातकरवाडीची मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. हजेरीत त्यांच्या नावापुढे सहा महिने नुसत्या फुल्या. आम्ही पुढच्या इयत्तेत जायचो आणि ती तिथेच राहायची. त्यात कोणालाच काही विचारावंसं वाटायचं नाही.

लहान मूल मोठं होतं, म्हणजे त्याला जग उलगडतं, अशा कादंबऱ्यांचं एक घराणंच आहे. जर्मन भाषेत त्याला ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. मराठीत आपण घडणीची कादंबरी म्हणू. या घराण्याची सगळी करामत एका गोष्टीत असते : बघणारं लहान असतं आणि सांगणारं मोठं. दोघांमध्ये किती अंतर ठेवायचं ते लेखक ठरवतो. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिथे मोठा श्याम रात्री बसून सांगतो आणि प्रत्येक प्रसंगाचा अर्थही तोच लावून देतो. उलट प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्याला काय कळलं नाही हेसुद्धा ठामपणे सांगतो, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये आणीबाणी अशीच पोरांच्या मागून सरकत जाते. हार्पर लींनी मधली जागा धरली. शब्द मोठ्या बाईचे, समजूत मुलीची.

त्याचा सगळ्यात चांगला नमुना तुरुंगासमोरचा प्रसंग. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय शेतमजुरावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आरोप आहे आणि अ‍ॅटिकसने त्याचं वकीलपत्र घेतलंय. खटल्याच्या आदल्या रात्री अ‍ॅटिकस तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून, दिवा लावून, वर्तमानपत्र वाचत बसतो. गाड्यांतून माणसं उतरतात. ती कशाला आली आहेत हे आपल्याला माहीत असतं. त्या काळी दक्षिणेत जमावाने कैद्याला बाहेर ओढून झाडाला लटकवणं ही सर्रास गोष्ट होती. स्काउटला यातलं काही ठाऊक नाही. ती गर्दीत घुसते, एक ओळखीचा चेहरा शोधते, आणि वर्गातल्या मुलाच्या बापाला, कनिंगहॅमला, विचारते : तुमचा वॉल्टर बरा आहे ना? तुमच्या जमिनीच्या भानगडीचं काय झालं? सगळे गप्प. मग तो माणूस खाली बसतो, तिच्या खांद्यांवर हात ठेवून निरोप घेतो आणि जमावाला घेऊन निघून जातो. मी ही पानं केळवलीला वाचायला घेतली आणि कर्जत कधी आलं कळलं नाही. गाडी रिकामी झाली, सफाईवाल्या मावशींनी हाक मारली तेव्हा उठलो.

तो कनिंगहॅम मला जवळचा वाटला त्याला आणखी एक कारण होतं. तो गरीब शेतकरी. वकिलाची फी रोखीने देता येत नाही म्हणून कधी चुलीची लाकडं, कधी पोतंभर अक्रोडासारखी फळं, कधी पालेभाजी आणून मागच्या दारी ठेवतो. आमच्याकडे सुगीला खळ्यावरून न्हाव्याचं, सुताराचं भात वेगळं निघायचं, ते मी पाहिलेलं होतं. दूरच्या अलाबामातली एवढी गोष्ट मला शब्दकोशाशिवाय कळली. आणि हाच सज्जन, मिंधा न राहणारा माणूस फास घेऊन रात्री निघतो, हे मात्र कळायला जड गेलं.

मग खटला. कादंबरीचा कणा तोच. वाचताना मला सगळ्यात परकी वाटली ती ज्युरी. बारा माणसं ठरवणार, न्यायाधीश नाही. आणि बाराही जणांचं एकमत झालं पाहिजे. आपल्याकडेही ज्युरी होती. १९५९च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो मानला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. नंतर १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. मेकोंबच्या ज्युरीत सगळे गोरे पुरुष. बायका का नाहीत, असं मुलं विचारतात तेव्हा बाप सांगतो की अलाबामात तसा कायदाच आहे. तो १९६६पर्यंत टिकला.

आरोप कोसळताना आपण पाहतो. मुलीच्या, मायेलाच्या, तोंडावर मार आहे तो उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप बॉब युएल सगळ्यांसमोर डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा झालाय. शपथेसाठी बायबलवर ठेवला तर घसरून पडतो. याहून सरळ पुरावा कोणता? तरी निकाल ‘दोषी’. माझ्या वहीत त्या दिवशी फक्त तारीख आहे, नोंद नाही.

पुढे कधीतरी कळलं की टॉमचा घात पुराव्याने झालाच नाही, एका वाक्याने झाला. सरकारी वकील विचारतो, तू त्या मुलीची एवढी कामं फुकट का करायचास? टॉम म्हणतो, मला तिची कीव यायची. कृष्णवर्णीय मजुराला गोऱ्या बाईची कीव! कोर्टात कुजबुज होते. खाली बसलेल्याने वरच्यावर दया करायची नसते. दया वरून खाली वाहते असा त्या गावाचा न लिहिलेला कायदा आहे. तो मोडला, तिथेच सगळं संपलं.

आणि याच उलटतपासणीत डिल रडायला लागतो. आठ-नऊ वर्षांचा पोरगा, त्याला साक्षीतलं काही कळत नाही. त्याला बाहेर न्यावं लागतं. सरकारी वकील टॉमशी ज्या तऱ्हेने बोलत होता ते त्याला सहन होत नाही. टॉम पंचवीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप, आणि वकील त्याला ‘बॉय’ म्हणतो. मी शब्दकोशात पाहिलं तर ‘मुलगा’. त्या अर्थाने काहीच कळेना. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या गावात कोणाला कोण अरे-तुरे करतं ते आठव.”

आठवलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करायची शिस्त कडक होती. शेजारच्या म्हाताऱ्याला चुकून ‘तू’ म्हटलं म्हणून मी थप्पड खाल्लेली आहे. पण पावसाआधी शाकारणीला, नंतर गवत कापायला कातकरवाडीवरून जो म्हातारा यायचा, त्याचे केस पांढरे होते, त्याला नातवंडं होती, आणि त्याला मी सहा वर्षांचा असताना ‘ए’ म्हणून हाक मारायचो. तो मला ‘शेट’ म्हणायचा. कोणी शिकवलं नव्हतं. थप्पडही कोणी मारली नाही. तो पडवीच्या खाली अंगणात बसायचा, आई वरून ओंजळीत चहा ओतावा तशी त्याच्या वेगळ्या कपात चहा ओतायची, आणि जाताना तो कप धुऊन कुडाच्या खाचेत खोचून ठेवायचा. तो कप पुढच्या खेपेला तिथेच असायचा.

आणखी एक आठवलं. एकदा नदीकाठच्या मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली. माणसं जमली ती सरळ वाडीवर चालत गेली. दुसरीकडे कुठे जायचं हा प्रश्नच पडला नाही. त्या म्हाताऱ्याच्या मुलाला दोन दिवस बसवून ठेवलं. मोटर चार दिवसांनी भलतीकडेच सापडली, घेऊन जाणारा आमच्यातलाच होता. वाडीवर सांगायला कोणी गेलं नाही. म्हातारा पुढच्या आठवड्यात गवत कापायला आला, चहा प्याला, मला ‘शेट’ म्हणाला. मी तेव्हा जेमच्या वयाचा होतो. टॉमच्या निकालानंतर जेम रडतो, तसा मी रडलो नाही. हे मी वहीत लिहिलं ते आठवून खूप दिवसांनी, आणि त्या पानावर अक्षर बदललेलं आहे.

टॉमसारखी माणसं कल्पनेतली नव्हती. २५ मार्च १९३१ला अलाबामात एका मालगाडीवर नऊ कृष्णवर्णीय पोरांना पकडलं, सगळ्यात लहान तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावात काही दिवसांत खटले उरकून आठ जणांना मृत्युदंड सांगितला. १९३३मध्ये त्यातल्या एका मुलीने कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरी नवी ज्युरी पुन्हा ‘दोषी’च म्हणाली. फाशी कोणाला झाली नाही, पण वर्षांमागून वर्षं तुरुंगात गेली. मात्र त्याच खटल्यांतून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन मोठे निकाल निघाले. १९३२चा निकाल आरोपीला खरोखरीचा वकील मिळण्याबद्दल, १९३५चा ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविरुद्ध. उरलेल्या तिघांची नावं अलाबामाने माफी देऊन कोरी केली ती २०१३मध्ये, सगळे मरून गेल्यावर.

ही कादंबरी वाचणारा कर्जतचा विद्यार्थी आणखी एका वकिलाजवळ येऊन थांबतोच. भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान, नाभिक कुटुंब. कायदा शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. पण या भागात त्यांचं नाव निघतं ते धान्यकोठीसाठी. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की शेतकरी, आदिवासी सावकाराकडून भात उचलायचे आणि सुगीला दिढीने फेडायचे, मणाचे दीड मण. भाईंनी गावोगाव धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या, शाळा काढल्या. १९४२ला ते भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या तुकडीने खोपोली-भिवपुरीकडून मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील गेले. अजूनही दर वर्षी त्या पहाटे माणसं थंडीत मशाली घेऊन सिद्धगडावर जमतात. मी दोनदा गेलोय.

वहीत लिहिलं होतं : ‘अ‍ॅटिकस आपल्याकडे होता. पण तो कोर्टात थांबला नाही.’ आता वाटतं, या तुलनेत मी अ‍ॅटिकसला थोडं चढवलं होतं. अ‍ॅटिकस आपल्या गावावर प्रेम करतो, त्याला माणसं मुळात चांगली वाटतात, एका माणसाला वाचवायला तो जीव तोडून लढतो. पण ज्या गावाने कोर्टात टॉमच्या लोकांना वर गॅलरीत आणि गोऱ्यांना खाली बाकांवर बसवलं, ती बैठक बदलावी असं त्याला कुठे वाटलेलं दिसत नाही. २०१५मध्ये हार्पर लींचा याआधी लिहिलेला मसुदा ‘गो सेट अ वॉचमन’ म्हणून छापला गेला. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र शाळांना विरोध करताना भेटतो आणि जगभर वाचकांना धक्का बसला. पहिली कादंबरी नीट वाचणाऱ्याला तेवढा बसायला नको होता.

कर्जतच्या याच जिल्ह्यात, स्काउटच्या गोष्टीच्या त्याच वर्षांत दुसराही एक खटला चालू होता. तेव्हा जिल्हा कुलाबा, १९८१पासून रायगड. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी सवर्णांनी तळं आमचं खासगी आहे म्हणून दावा लावला. स्काउट शाळेत जाते, झाडाच्या ढोलीत च्युइंगमची पाकिटं आणि साबणाच्या बाहुल्या शोधते, टॉमचा खटला पाहते, ती सगळी वर्षं हा दावा चालूच होता. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाने तो सवर्णांविरुद्ध निकालात काढला. इथे प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होता. टॉम रॉबिन्सनला स्वतःचाच वकील होता आलं असतं तर कादंबरी काय झाली असती, याची कल्पना करायला मला कोर्टाचे हे कागद पुरतात. आणि मराठी माणसाने अमेरिकेकडे पाहायला हार्पर लींपासून सुरुवात केलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

नावातला पक्षी राहिला. मॉकिंगबर्ड म्हणजे दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत गाणारा, लांब शेपटीचा करडा पक्षी. मुलांना हवाबंदुका मिळतात तेव्हा बाप बजावतो, याला मारणं पाप आहे; का, ते शेजारीण सांगते : तो कोणाचं काही बिघडवत नाही, नुसता गातो. आमच्या हातात गलोल असायची, आणि असं बजावणारं कोणी नव्हतं. भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या जंगलात भृंगराज नावाचा कोतवाल दिसतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकांना पिसांचे झुपके. तोही ससाण्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो. मी मॉकिंगबर्डचं भाषांतर वहीत ‘कोतवाल’ असंच करून टाकलं होतं. बाईंनी ते तपासलं तेव्हा शेजारी हलकेच एक बरोबरची खूण केली. चुकीचं भाषांतर म्हणून त्यांनी खोडलं नाही, याचा मला फार आनंद झाला होता.

कादंबरीच्या शेवटी स्काउट बू रॅडलीला त्याच्या घरी पोचवते. बू म्हणजे शेजारचा, वर्षानुवर्षं घरातून बाहेर न पडलेला माणूस, ज्याला पोरं भूत समजत होती आणि ज्याने त्याच रात्री मुलांवर चालून आलेल्या युएलपासून त्यांचा जीव वाचवला. तो आत जातो. ती त्याच्या पडवीवर उभी राहून आपला रस्ता बघते. तोच रस्ता, पण या बाजूने कधी न पाहिलेला. इथूनच बूने सगळे ऋतू आपल्याला खेळताना पाहिलं असणार, हे तिला उमगतं. फार सुंदर प्रसंग आहे. त्यावर मी वहीची अडीच पानं लिहिली आहेत आणि त्यातला शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

पण बूची पडवी गोऱ्यांच्या आळीतली आहे. टॉमचं घर गावाबाहेर, उकिरड्याच्या पलीकडे. तिथे स्काउट एकदाही पोचत नाही. टॉम तुरुंगातून पळताना गोळ्यांनी मारला जातो, अंगावर सतरा गोळ्या. ती बातमी त्याच्या बायकोला, हेलनला, सांगायला अ‍ॅटिकस आणि कॅल्पर्निया जातात. वाटेत पोहून परतणारे जेम आणि डिल गाडीत बसलेले असतात. अंगणात पोरं गोट्या खेळतायत. एक अगदी लहान मुलगी दारात येते, पायऱ्या उतरायला घाबरते. अ‍ॅटिकस बोट पुढे करतो, ती ते धरून उतरते. मग हेलन बाहेर येते, त्यांचे चेहरे बघते आणि काही न बोलता खाली कोसळते. हे सगळं डिलने गाडीतून पाहिलं आणि स्काउटला सांगितलं. आपल्यापर्यंत येतं ते डिलकडून स्काउटकडे आणि स्काउटकडून आपल्याकडे. टॉमच्या अंगणातलं आपल्याला दिसतं ते एवढंच. उरलेलं गाव आपल्याला फिंचांच्या पडवीवरून दिसतं, आणि ती पडवी कितीही मायेची असली तरी तिथून टॉमच्या घरातली चूल दिसत नाही.

त्यासाठी दुसरी पुस्तकं हातात घ्यावी लागतात. माया अँजेलू हार्पर लींपेक्षा दोनच वर्षांनी लहान. त्याच दशकात आर्कान्सातल्या स्टॅम्प्स गावात, दुकान चालवणाऱ्या आजीजवळ त्या वाढल्या, आणि १९६९मध्ये त्यांनी ते बालपण स्वतः लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावातही पक्षी आहे, पण पिंजऱ्यातला. मराठीत तर ही बाजू फार भरभक्कम आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७चं. ‘उचल्या’तलं पोर ज्या जमातीत जन्मतं तिच्यावर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासून चोर म्हणून शिक्का मारला होता, कायदा १९५२मध्ये गेला, संशय गेला नाही. ही सगळी घडणीचीच पुस्तकं आहेत, फक्त इथे बघणारं मूल अंगणात बसलेलं आहे आणि वर पडवीकडे बघतंय. मी मुलांना ‘मॉकिंगबर्ड’ देतो तेव्हा सोबत यातलं एक देतोच. आधी कोणतं वाचायचं ते त्यांनी ठरवावं.

गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीला मी तो पंचविसाव्या प्रकरणातला उतारा समजावून सांगत होतो. ती कर्जतच्या वसतिगृहात राहते, आईवडील हंगामात भट्टीवर असतात. तिला माझीच अट घातली होती, वाटेल ते लिही. अ‍ॅटिकस बोट पुढे करतो तिथे मी थांबलो, म्हटलं, बघ, किती साध्या कृतीत लेखिकेने केवढं सांगितलंय. ती पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सर, त्या पोरीचं नाव काय?”

मी पान उलटलं. मग मागचं उलटलं. तोवर तिने वहीत प्रश्न लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.